पाहुणे श्रीनगरचे, मुक्काम नौपाडा

पहिला दिवस, गुरुवार

श्रीनगरच्या विमानतळाबाहेर पडलं की आमच्या ग्रुपची पाटी धरून एक माणूस उभा असतो. तेरा वर्षं मी ठाण्याहून काश्मीरला ग्रुप नेते आहे आणि तेरा वर्षं हाच माणूस. सामान टपावर चढवतो, म्हाताऱ्यांना पुढच्या सीटवर बसवतो आणि गाडी सुटताना ‘चला चला, बसा बसा’ असं चक्क मराठीत ओरडतो. ग्रुपमधले सगळे त्याला भाईजान म्हणतात. मीही.

आज बोरिवलीच्या फलाटावर वाट बघणारी मी होते. कटऱ्याहून येणारी स्वराज एक्सप्रेस तासभर उशिरा आली. श्रीनगर ते कटरा भाईजान आणि त्याची बायको, आमची भाभीजान, वंदे भारतनं आले होते. जून २०२५ मध्ये ही गाडी सुरू झाली, चिनाब नदीवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून जाते. पूल आला तेव्हा भाभीजाननं डोळे घट्ट मिटून घेतले होते, हे तिनं मला भेटल्या भेटल्या सांगून टाकलं.

“या कधीतरी ठाण्याला,” असं मी दरवर्षी निरोप घेताना म्हणायचे. म्हणायची रीत असते. नोव्हेंबरात त्याचा फोन आला, “दीदी, खरंच येऊ का? गाडी तशीही उभीच आहे. हिला समुद्र बघायचाय.” गाडी का उभी आहे हे दोघांनाही माहीत होतं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ जण मारले गेले. मे महिन्यात माझा बावीस जणांचा ग्रुप निघणार होता, तो दोन दिवसांत रद्द झाला. मी विषय काढायच्या आधीच भाईजाननं गाडीचा अॅडव्हान्स परत पाठवला होता. सोबत मेसेज नव्हता, नुसते पैसे.

ठाण्यात नौपाड्याला घर आमचं दोन खोल्यांचं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून स्टेशनजवळच्या एका लॉजवर मी खोली घेतली होती, पैसे आधीच भरले होते. काउंटरवरच्या मुलानं रजिस्टर पुढे केलं, दोघांची आधार कार्डं घेतली, पत्ता वाचला आणि कार्डं घेऊन आत गेला. बाहेर आला तो “रूम फुल आहे मॅडम” म्हणत. मी पावती दाखवली. म्हणाला, “पैसे रिफंड होतील. वरून सांगितलंय.” भारताच्या नागरिकाला भारतात खोली घ्यायला आधार कार्ड पुरतं, ते श्रीनगरचं असलं तरी पुरतं, हे मी त्याला तीनदा सांगितलं. माझा आवाज चढला. मागे वळले तर भाईजान दोन्ही बॅगा उचलून दाराशी उभा होता. किती पटकन उचलल्या होत्या त्यानं! माझ्या बावीस-बावीस जणांच्या ग्रुपांना या माणसानं एकदाही हॉटेलच्या काउंटरवर ताटकळू दिलेलं नाही. एकदा गुलमर्गला बर्फामुळे खोल्यांचा घोळ झाला, तर रात्री साडेदहाला त्यानं आपल्या मेव्हण्याच्या ओळखीनं आठ खोल्या उघडून घेतल्या होत्या.

रिक्षात कोणीच बोललं नाही. घरी सासूबाईंनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता गूळ-पाणी आणलं. मग मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, “गाद्या कपाटाच्या वर आहेत. आणि शेजारी विचारतील, तर खरं ते सांग.”

शेजाऱ्यांनी विचारलंच, जिन्यातच. “श्रीनगरचे पाहुणे,” मी म्हटलं. “अस्सं,” ते म्हणाले, आणि दार लावायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी मामलेदार मिसळ. मी “कमी तिखट” सांगितलं, भाईजाननं मध्यम मागितली आणि घाम पुसत पुसत संपवली. तिथून तलावपाळी.

ठाण्याची ओळख करून द्यायची तर मी मासुंदा तलावापासूनच सुरुवात करते. एका अंगाला कोपिनेश्वराचं देऊळ, दुसऱ्या अंगाला पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. थोडं चाललं की पारशांची अग्यारी आणि पुढे १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग, शार हशमाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. तिथं येणाऱ्या बेने इस्रायली लोकांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. भाभीजानला ही गोष्ट फार आवडली. तिचा चुलता जुम्म्याला दुकान उघडत नाही, त्याला काय म्हणायचं, असं तिनं विचारलं.

चर्चच्या आवारात आम्ही बाकावर बसलो. ठाण्याची फिरस्ती करताना इथं मी लोकांना एक गोष्ट सांगते. आज ती सांगावी की नाही, हे मला ठरवता येईना. मग वाटलं, लॉजमधला प्रकार ज्यानं पाहिला त्याच्यापासून ही लपवण्यात काय अर्थ आहे.

१३२१ सालची गोष्ट. चीनला निघालेले चार प्रवासी ठाण्याच्या बंदरात उतरले. तिघं फ्रान्सिस्कन साधू, इटलीचे: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर. चौथा त्यांचा दुभाष्या दिमित्री, तिफ्लिसचा. इथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबानं त्यांना घरात उतरवून घेतलं. काही कारणानं प्रकरण काझीपुढे गेलं, तिथं त्यांना धर्मावरून प्रश्न विचारले गेले, वाद पेटला आणि त्या एप्रिल महिन्यात चौघांना मारून टाकलं. पुढे ओदोरिक नावाचा प्रवासी ठाण्यात आला. त्यानं त्यांची हाडं गोळा केली, बरोबर थेट चीनपर्यंत नेली आणि ही सगळी हकीकत आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. युरोपात ठाण्याचं नाव असंही पोचलं. पाहुण्यांना धर्म विचारून मारलं, ते गाव म्हणून.

भाईजान बराच वेळ तलावाकडे बघत राहिला. मला वाटलं, नको होती सांगायला. मग त्यानं विचारलं, “दीदी, ज्यांच्या घरी ते उतरले होते, त्या घरच्यांचं पुढे काय झालं?”

कितीतरी वेळा मी ही गोष्ट सांगितली आहे. लोक विचारतात, कुठं मारलं, कोणी मारलं, शिक्षा झाली का. घरच्यांबद्दल आजवर कोणीही विचारलं नव्हतं आणि मलाही तो प्रश्न पडला नव्हता. पाहुण्यांचं सामान ज्या घरात तसंच पडून राहिलं, ज्या बाईनं त्या दिवशी चार ताटं जास्त मांडायचं मनात धरलं असेल, तिची आठवण एका ड्रायव्हरला आली.

इथं मला माझ्या धंद्याबद्दल थोडं बोलायचं आहे. १९६७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष म्हणून पाळलं, तेव्हाचं घोषवाक्य होतं: पर्यटन म्हणजे शांततेचा पासपोर्ट. २७ सप्टेंबरचा जागतिक पर्यटन दिन १९८० पासून पाळला जातो आणि २०२४ साली त्याचा विषय होता पर्यटन आणि शांतता. मुख्य सोहळा जॉर्जियात, त्बिलिसीला झाला. त्बिलिसी म्हणजेच जुनं तिफ्लिस, दिमित्रीचं गाव. हे लक्षात आलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ नकाशा उघडून बसले होते.

ग्रुप निघायच्या आधी मी हॉलमध्ये एक मीटिंग घेते. स्वेटर किती, औषधं कुठली, घोड्याचे पैसे वेगळे, हे सगळं सांगून झालं की शेवटी ‘पर्यटनानं शांतता येते’ यावर पाच मिनिटं बोलायचे. पुराव्याला आकडा असायचा. २०२४ मध्ये जम्मू-काश्मीरला दोन कोटींहून जास्त लोक आले, असं सरकार सांगत होतं. त्यात वैष्णोदेवी आणि अमरनाथचे यात्रेकरू किती मोठ्या संख्येनं होते, हे मी सांगत नसे. आकडा वाढला म्हणजे शांतता आली, असं सगळेच म्हणत होते. आता वाटतं, पर्यटकाला शांततेचा दाखला म्हणून मिरवलं की ज्याला शांतता मोडायची आहे त्याला नेम धरायची जागा आपोआप कळते. बैसरनच्या कुरणावर फिरायला गेलेली माणसं होती, त्यांना कोणाचाही दाखला व्हायचं नव्हतं.

दुपारी भाईजान स्टेशनजवळच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला गेला. आम्ही बायका जांभळी नाक्याच्या बाजारात. भाभीजानला एका टोपलीत नदरू दिसलं आणि ती जागच्या जागी थबकली. आपली कमळकाकडी. श्रीनगरला दल सरोवरात निघते. संध्याकाळी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. दह्यात शिजवलेलं नदरू सासूबाईंनी आधी चमच्याच्या टोकावर घेऊन पाहिलं, मग वाटीभर. “बडीशेप घातलीस का ग?” त्यांनी मराठीत विचारलं. भाभीजाननं काश्मिरीत काहीतरी उत्तर दिलं. दोघींना एकमेकींचं कळलं असावं, कारण सासूबाईंनी डबा काढून वास घेतला आणि मान हलवली.

तिसरा दिवस, शनिवार

समुद्र दाखवायचा होता, पण आधी खाडी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोट जाते. बोटीची वेळ घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर ठरते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. काश्मीरचं वुलर सरोवर रामसर यादीत १९९० पासून आहे, श्रीनगरजवळचं होकरसर २००५ पासून. होकरसरचं नाव काढताच भाईजान खुलला. लहानपणी वडिलांबरोबर तो थंडीत तिथं जायचा, उत्तरेकडून आलेली बदकं पाहायला.

तिवरांच्या कडेनं बोट निघाली. पाणी ओसरत होतं, चिखल उघडा पडत होता आणि त्या चिखलात मान खाली घालून रोहित पक्ष्यांची रांगच्या रांग चरत होती. आधी सगळं पांढुरकं दिसलं. मग काही पक्ष्यांनी पंख उघडले आणि आतला गुलाबी रंग दिसला, तशी भाभीजान एकदम उभी राहिली. बोटवाल्यानं तिला खाली बसायला लावलं. पुढे बदकांचा एक थवा होता, त्यात चमच्यासारख्या रुंद चोचीचे थापट्या होते. “हे आमच्याकडेही येतात,” भाईजान म्हणाला, आणि मग बोट परत फिरेपर्यंत त्याची नजर त्या थापट्यांवरून हलली नाही.

बोट चालवणारा इथलाच कोळी. त्याचं आणि भाईजानचं जे बोलणं झालं ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलं आहे.

“तुमचा सीझन किती?”

“नोव्हेंबर ते मे. पक्षी गेले की संपलं.”

“आमचा एप्रिल ते जून, मग बर्फाचा. बाकी दिवस काय करता?”

“मासे. पण मासळी कमी झाली, म्हणून तर ही बोट.”

“आणि कधी हेही बंद पडलं तर?”

बोटवाल्यानं खांदे उडवले. “तुम्ही काय केलंत?”

“गाडीचा हप्ता भरायला बायकोच्या बांगड्या,” भाईजान म्हणाला. भाभीजान पलीकडे पक्षी बघत होती. तिच्या हाताकडे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

एप्रिलनंतरच्या बातम्या मी रोज वाचत होते. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी काश्मीर बंद होतं, मारेकऱ्यांच्या निषेधाचं बंद. लोकांनी अडकलेल्या पर्यटकांना फुकट घरात ठेवलं, फुकट विमानतळावर सोडलं. मृतांमध्ये एक स्थानिक घोडेवाला होता, हेही वाचलं. नंतर देशात काही ठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांना त्रास झाला, तेही वाचलं. पण बांगड्या वर्तमानपत्रात येत नाहीत.

ऐरोलीहून तुर्भ्याला, एपीएमसीच्या फळबाजारात, म्हणजे वाशी मंडीत. हा भाईजानचा हट्ट होता. त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची शोपियाँला सफरचंदाची बाग आहे आणि ‘आपला माल वाशी मंडीत जातो’ हे तो कायम ऐकत आलेला. आम्हाला त्याच बागेची पेटी काही सापडली नाही, शोपियाँच्या मात्र पुष्कळ सापडल्या. शीतगृहातला माल, डेलिशियस. एका गाळ्यावरच्या व्यापाऱ्यानं चहा मागवला आणि दोघांची जी गप्पांची गाडी सुरू झाली! गेल्या सप्टेंबरात दरडींनी जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला, ट्रक रस्त्यावर उभे राहिले आणि माल सडला. रामबनला किती दिवस, काझीगुंडला किती ट्रक, बनिहालच्या अलीकडे की पलीकडे. व्यापाऱ्याला प्रत्येक वळण तोंडपाठ. मी विचारलं, “तुम्ही किती वेळा गेलात काश्मीरला?” म्हणाले, “एकदाही नाही हो. जायचंय.”

माझे ग्रुप सहा रात्री, सात दिवस काश्मीरमध्ये असतात. त्यांना विचारा, शोपियाँ कुठं आहे. सांगता येणार नाही, कारण ते माझ्या कार्यक्रमात नाही. तिथं आम्हाला भेटणारी माणसं म्हणजे ड्रायव्हर, घोडेवाला, शिकारेवाला, शालीच्या दुकानातला मालक आणि वेटर. सगळे आमच्या सेवेला. कोणाच्या घराचा उंबरा नाही ओलांडला. भाईजाननं तेरा वर्षांत दोनदा घरी जेवायला बोलावलं होतं. पहिल्यांदा दूधपथरीला फिरायला जायचा दिवस होता, दुसऱ्यांदा लोकांना शॉपिंग करायचं होतं. मीच ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हटलं. ओळख झाली की वैर मावळतं, असं आम्ही म्हणतो. पण बर्फात फोटो काढून परत येणं आणि ओळख होणं यात फार अंतर आहे. तुर्भ्याच्या गाळ्यावरचा तो व्यापारी पेट्या उतरवून घेताना जेवढा काश्मीर जाणतो, तेवढा माझ्या विमानानं गेलेल्या माणसांना ठाऊक नाही. यात त्यांचा काही दोष नाही. कार्यक्रम मी आखते.

संध्याकाळी पाम बीच रोडनं परतताना भाभीजाननं विचारलं, समुद्र कुठंय? मी खाडीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, हा समुद्राचा हात आहे, त्याचं धड पलीकडे मुंबईला. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून वारा पकडल्यासारखं केलं आणि जिभेला लावून पाहिला. “नमकीन आहे,” म्हणाली, आणि तिचं समाधान झालं.

चौथा दिवस, रविवार

आजचा कार्यक्रम मी आखलेला नव्हता. चहा पिताना भाईजान म्हणाला, “दीदी, डोंबिवली इथून किती लांब?”

बैसरनमध्ये गेलेल्यांपैकी तिघं डोंबिवलीचे होते. त्याला त्यांच्या घरी जायचं होतं, माफी मागायला. मी नाही म्हटलं. तेरा वर्षांत त्याला मी पहिल्यांदाच इतकं सरळ नाही म्हटलं असेन. त्या घरांना आपण ओळखत नाही, त्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही, आणि आपल्या मनाचं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या दुःखाच्या दारात जाऊ नये. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “घरी नाही. गावात तर जाऊ?”

लोकलनं गेलो. ठाण्याच्या फलाटावर मी सवयीनं सांगायला लागले, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली रेल्वे इथंच पोचली, १४ डबे, ४०० पाहुणे, तीन इंजिनं. भाईजान ऐकत होता की नाही कोण जाणे.

डोंबिवली पश्चिमेला भागशाळा मैदान आहे. एप्रिलमध्ये तिघांना अखेरचा निरोप द्यायला सगळं शहर तिथं जमलं होतं. आज रविवार, म्हणून मैदानात चार-पाच क्रिकेटच्या मॅच एकमेकींत घुसून चालल्या होत्या. आम्ही भिंतीच्या कडेला उभे राहिलो. भाईजाननं दोन्ही तळहात समोर उघडले, ओठ हलत होते. भाभीजाननं ओढणी डोक्यावर घेतली. मी हात जोडले. मला त्यांची दुआ येत नाही, मी रामरक्षा म्हटली, मनात. किती वेळ गेला सांगता येत नाही. एक चेंडू आमच्या पायाशी आला, मुलगा आला, “काका, बॉल” म्हणाला आणि घेऊन गेला.

जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला त्यांच्या विधानसभेत बोलले होते की यजमान म्हणून पाहुण्यांना सुखरूप परत पाठवणं आपलं काम होतं आणि ते आपल्याला जमलं नाही. परतीच्या लोकलमध्ये भाईजान तेच म्हणत होता, फक्त मुख्यमंत्र्यासारखं नाही. “दीदी, मी त्या दिवशी गुलमर्गला होतो. माझा काही संबंध नाही. पण विमानतळावर पाटी घेऊन मीच उभा राहतो ना.”

यावर मी त्याला लॉजबद्दल म्हटलं, की ठाण्यात पाटी घेऊन उभी मी होते. मग आम्ही दोघंही गप्प बसलो.

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी गादीवर पाय पसरले आणि भाईजानला विचारलं, “काय हो, श्रीनगरच्या विमानतळावर व्हीलचेअर मिळते का?” मी भाषांतर केलं. “मिळते,” तो म्हणाला. “गाडीत पुढची सीट?” “ती तुमचीच, माँजी.” त्यांनी पुढे काही विचारलं नाही. गुडघ्याला तेल लावत बसल्या.

पाचवा दिवस, सोमवार

निघताना जिन्यात शेजारी भेटले. या वेळी दार लावून घेतलं नाही. हातात अर्धा किलो पेढ्यांचा पुडा होता, तो त्यांनी भाभीजानच्या हातात दिला आणि हिंदीत “सफर में खाना” एवढंच म्हणाले.

बोरिवलीला गाडी यायला वीस मिनिटं होती. बॅगा दोन वाढल्या होत्या. एकीत सासूबाईंनी दिलेले पोह्याचे पापड, दुसरीत भाभीजानला हवी होती ती स्टीलची किसणी आणि एक पाच लिटरचा कुकर. मी विचारलं, “मे महिन्यात टेम्पो ट्रॅव्हलरचा रेट काय लावणार?”

भाईजान एकदम सरळ उभा राहिला. “किती माणसं?”

“अजून पाचच नावं आहेत. बारापर्यंत जातील. आणि या वेळी एक दिवस शोपियाँ घालायचा आहे. एक जेवण तुमच्या घरी.”

“जेवणाचे पैसे नाही घेणार.”

“नका घेऊ. गाडीचे सांगा.”

“दिवसाचे साडेसात हजार.”

“साडेसात? मागच्या वेळी साडेसहा होते.”

“दीदी, डिझेल बघा ना. टायर बदललेत चारही.”

“सहा हजार आठशे.”

गाडी आली. भाभीजान चढली, बॅगा चढल्या, मी कुकरची पिशवी दारातून आत दिली. भाईजान दारातच उभा राहिला, मागच्या माणसांना वाट देत. गाडी हलली.

“सात हजार,” तो ओरडला. “आणि बेताब व्हॅलीला युनियनची गाडी वेगळी!”

मी हात वर करून सात म्हटलं.